डोंगराबाबत हरकती व सूचना

सातपुडा पदभ्रमण मंडळाची शरद ऋतूतली दोन दिवसांची पर्वतसहल कोणत्या शनिवार-रविवारी न्यावी, हे ठरवण्यासाठी नवरात्रात नागपुरात मनीषनगरला मधुसूदनजींच्या घरी बैठक भरली. विषय एकच होता आणि तो सोपा होता. पचमढीला जायचं, चौरागड चढायचा, महादेवाचं दर्शन घ्यायचं आणि परत यायचं. या एका विषयावर पुढे जे जे झालं ते सगळं नियमाला धरून झालं, हे मी आधीच सांगून ठेवते. कोणाचंही काही चुकलं नाही.

मंडळ शिस्तीचं आहे. अध्यक्ष मधुसूदनजी एका सरकारी खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झाले. त्यांच्या टेबलावरून एकही चुकीचा कागद कधी पुढे गेला नाही, कारण बरोबर कागदही ते सहसा पुढे जाऊ देत नसत. सचिव सुमंत विम्याचं काम करतो, त्यामुळे माणसाला काय काय होऊ शकतं ते त्याला तोंडपाठ आहे. मंडळाच्या स्थापनेपासून एकाही सभासदाचा पाय मुरगळलेला नाही, कोणी दरीत पडलेलं नाही, कोणी वाट चुकलेलं नाही. मंडळ अजून कुठे गेलेलंच नाही, असं त्याचं कारण काही लोक सांगतात. चांगल्या कामाला नावं ठेवणारे असायचेच.

मी सभासद झाले ती नवसासाठी. गेल्या मार्गशीर्षात माझ्या सुनेचं, मयुराचं, बाळंतपण अडलं. डॉक्टरांनी सौरवला बाजूला नेऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं, तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून महादेवाला बोलले की दोघं सुखरूप घरी आले तर मी अनवाणी चौरागड चढून येईन, आणि तोवर बाळाच्या केसांना कात्री लावू देणार नाही. दोघं सुखरूप आले. मग आमच्याकडचा उन्हाळा आला, त्यात घराचा जिना चढवत नाही. मग पाऊस आला. आता शरद होता. आमच्यात जावळ वर्षाच्या आत काढतात, नाहीतर एकदम तिसऱ्या वर्षी. बाळाचा, म्हणजे आर्यनचा, वाढदिवस मार्गशीर्षात. तेवढीच मुदत माझ्या हातात होती.

महादेवानं त्याला केसही भरभरून दिले. ते डोळ्यांत जात, म्हणून मयुरा त्याच्या डोक्यावर दोन चिमुकल्या शेंड्या बांधी. याच नवरात्रात शेजारच्या सोनिकानं त्याला कुमारिका म्हणून जेवायला बोलावलं. आम्ही पाठवला. लाल ओढणी, बांगड्या आणि दक्षिणा घेऊन आला.

“आई, तू एकटी जायचं नाही,” सौरवनं निक्षून सांगितलं होतं. “ग्रुपनं जा. काही झालं तर चार माणसं असतात.” ह्यांना घाटात गाडी लागते. सपाटीवरही लागते, पण घाटात जास्त. तेव्हा ग्रुप शोधणं आलं, आणि ग्रुप सापडला.

मंडळाच्या घटनेत एक कलम आहे. निर्णय सर्वानुमते होईल आणि त्यात एकाही सभासदाची गैरसोय होणार नाही. इतकं मायेचं कलम मी दुसऱ्या कुठल्या संस्थेत पाहिलं नव्हतं. मी मनातल्या मनात हात जोडले.

“कोजागिरीच्या आधीचा शनिवार,” सुमंतनं कॅलेंडर उघडलं. “कोणाला काही अडचण?”

“माह्या शनिवार असते गा,” प्रेमिलाताई म्हणाल्या. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही वर्गात आल्यासारख्याच येतात. “शनिवारी मी गावाची शीव ओलांडत नाई.”

“मग शुक्रवारी निघू.”

“आन् शनिवारी तिथं काय करू? पोचल्यावर ओलांडल्यासारखंच झालं ना ते!”

हा मुद्दा नंतर बघू असं ठरून सुमंत पुढच्या आठवड्यावर गेला. तिथे संकष्टी होती आणि संकष्टीला माझा उपास.

“माझी काही गैरसोय नाही,” मी म्हटलं. “मी उपासानंच चढणार आहे.”

“तुमची नसेल ताई,” मधुसूदनजी सौम्यपणे म्हणाले. “पण तुम्ही उपाशी चढून राहिल्या आणि आम्ही बाजूला बसून कचोरी खाऊन राहिलो, तर गैरसोय आमची होते. मनाची.”

मनाची गैरसोय घटनेत बसते की नाही, यावर बराच वेळ चर्चा झाली. बसते, असा निर्णय झाला. त्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नाही, पण डोंगर खचायला सुरुवात झाली ती तिथून.

तिथी समन्वय उपसमिती नेमण्यात आली. तिनं सर्व सभासदांचे वार, उपास, कुळाचार, सुतकाची शक्यता आणि भिशी एकत्र मांडून पाहिली. दिवाळीनंतरचा, कार्तिक शुद्ध नवमी-दशमीचा शनिवार-रविवार तेवढा, प्रेमिलाताईंचा शनिवार सोडला तर, कोरा निघाला. उपसमितीनं सोबत एक नियमही करून टाकला की उपासाच्या दिवशी कोणत्याही सभासदानं डोंगर चढू नये. मी हिशेब केला. नवमी-दशमी म्हणजे मार्गशीर्षाच्या आतच. मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

मग जेवणाचा विषय आला. अर्ध्या सभासदांना सावजी रस्सा हवा होता आणि अर्ध्यांना कांदा-लसणाचा वासही चालत नव्हता. दोन स्वयंपाकी आले. वासामुळे दोन गाड्या आल्या. रस्सा खाणाऱ्या नवऱ्यांच्या न खाणाऱ्या बायकांसाठी तिसरी गाडी आली. एवढं ठरल्यावर बाबाराव बोलले.

बाबाराव शहराच्या कडेच्या बेसाचे. बेसा वाढलं तसं त्यांचं शेत प्लॉटांत गेलं. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी लग्नाचं लॉन टाकलं. बैठकीत ते सहसा बोलत नाहीत, फक्त खुर्चीत रुतत जातात.

“ते सगळं ठीक हाय,” बाबाराव म्हणाले. “पण सकाळी तर्री-पोहे कोठून आणसान?”

पोह्यांवर ओततात तो हरभऱ्याचा झणझणीत रस्सा म्हणजे तर्री, आणि ती आमच्या नागपूरचीच. हा विचार कोणी केलाच नव्हता.

“पोहे तर मिळतात तिकडे,” मी म्हटलं.

“पोहे मिळतात वो ताई. तर्री?”

शेवटी चौकातल्या पोहेवाल्याला गाडीसकट न्यायचं ठरलं. पण ढकलगाडी पायऱ्यांवरून चढणार नाही, असं त्यानं सांगितलं. तेव्हा ढकलगाडी जिथवर जाईल तिथवर चढाई करावी आणि त्या जागेला शिखर मानावं, असा बदल मंजूर झाला. मी विचारलं, “आणि महादेव?” मधुसूदनजी म्हणाले, “खालून हात जोडले तरी त्याला दिसतात, ताई. तो वर बसला आहे तो त्यासाठीच.”

नवस अनवाणी चढण्याचा होता, हे मी सांगितलं. त्यांनी ते इतिवृत्तात नोंदवून घेतलं. मंडळात कोणाचं म्हणणं ऐकून घेतलं नाही असं कधी होत नाही.

दसऱ्यानंतर सुमंतनं सरावाचा कार्यक्रम काढला. नागपूर सपाट, चढ म्हणून आहे तो उड्डाणपुलांचा. एका रविवारी सकाळी मंडळ उड्डाणपुलाच्या पायथ्याशी जमलं, पण पुलावर पायी जायला मनाई असल्याची पाटी होती. नियमभंग नको म्हणून सराव गाड्यांतून करण्यात आला. आम्ही तो पूल काचा खाली करून सावकाश चढलो. माथ्यावर मधुसूदनजींनी खोल श्वास घेतला आणि उतारावर सोडला. सुमंतनं अहवालात लिहिलं की चढाईत एकाही सभासदाला दम लागला नाही.

याच सुमारास त्यानं ग्रुपवर एक सूचना टाकली. प्रस्तावित डोंगराबाबत कोणाच्या काही हरकती व सूचना असल्यास त्या सात दिवसांत कळवाव्यात. ही कायद्याची पद्धत आहे, रस्ता रुंद करायचा असला तरी करतात.

सातव्या दिवशी बैठकीत तो वाचून दाखवायला बसला तेव्हा चहा दोनदा झाला. डोंगर उंच आहे, अशी हरकत सर्वांत जास्त जणांची होती. पायऱ्या एकसारख्या नाहीत. वाटेत सावली कमी, आणि जिथे सावली आहे तिथे माकडं आहेत. वर बसायला खुर्च्या नाहीत. पाश्चात्त्य पद्धतीचा संडास कुठवर आहे ते कळत नाही. नेटवर्क जातं-येतं, त्यामुळे आपण डोंगरावर आहोत हे कोणाला वेळेत कळवता येत नाही. एका सभासदाचं म्हणणं होतं की डोंगर चढताना सोबत आलेल्या घरच्यांच्या आपण मागे पडतो, यानं मनाची गैरसोय होते. आणि शेवटी स्वतः मधुसूदनजींची हरकत होती.

“हा डोंगर मध्यप्रदेशात आहे,” ते म्हणाले.

“आधीपासून आहे,” मी म्हटलं.

“असेल. पण मंडळाची नोंदणी महाराष्ट्रात आहे. परराज्यातल्या डोंगरावर काही झालं तर अधिकारक्षेत्राचा प्रश्न येतो.”

“कायले येवढी झिगझिग करता?” प्रेमिलाताई म्हणाल्या. “मी तं पयलेच सांगतलं होतं, माह्यानं शनिवारी शीव ओलांडणं होत नाई. हे देवकी शांतपणे आयकून राहिली म्हणून तुमी आपले बोलतच सुटले. काहून वं देवकी, तूच सांग, ह्या वयात डोंगर काहून पायजे?”

“माझ्या नातवाचे केस काढायचे आहेत,” मी म्हटलं.

“त्याले न्हावी लागते वं, डोंगर नाई.”

सगळे हसले. मीही हसले. सर्वानुमते हसलेलं बरं असतं.

तेव्हा बाबाराव खुर्चीतून जरा वर आले. “मी काय म्हणतो,” ते म्हणाले. “तुळशीचं लगन लागेपर्यंत माह्यं लॉन खालीच पडून राहिलं. आपण डोंगराकडं जायच्या बदल्यात डोंगर बेसाले आणू ना. माह्याकडं मंडपवाला हाय. देवीच्या दिवसांत त्यानं अख्खा किल्ला उभा केला होता, खालून पाणी सोडून.”

प्रेमिलाताईंनी डोळे मिटून बेसा शिवेच्या आत येतं की नाही याचा विचार केला आणि मनीषनगराला लागूनच असल्यामुळे येतं, असं सांगितलं. महाराष्ट्रात येतं याबद्दल मधुसूदनजींना खात्री होती. पोहेवाल्याची गाडी थेट फाटकातून आत येत होती. सर्व हरकती एका दमात निकाली निघाल्या.

मंडपवाल्यानं बांबू आणि तरटाचा दुमजली डोंगर उभा करून दाखवला. पण दुमजली म्हणजे उंची आलीच, म्हणून एक मजला कमी केला. उरलेल्या मजल्याला कठडा लावला. पायऱ्या गुडघ्यांना नको, म्हणून उतरती फळी केली. फळीवर पाय घसरेल म्हणून गादी घातली. गादीवर कोणी चढेना, सगळ्यांना त्यावर बसावंसं वाटू लागलं. तेव्हा सुमंतनं सुचवलं की डोंगर आडवा करावा.

“म्हणजे?” मी विचारलं.

“काकू, डोंगराचं मोठं फ्लेक्स छापायचं आणि लॉनवर अंथरायचं. या टोकाला पायथा, त्या टोकाला शिखर. सभासद पायथ्याकडून शिखराकडे चालत जातील. अंतर पुरं, चढ शून्य.”

सर्वांना ते फार पटलं. फ्लेक्स छापून आलं. त्यावर चौरागड होता, आणि वर शिखराशी महादेवाचं देऊळही होतं, चांगलं ठळक. बेसाच्या गवतावर ते अंथरलं तेव्हा मला राहवलं नाही. “देवावर पाय कसा द्यायचा?” मी हळूच विचारलं.

मंडळाचं कौतुक असं की माझी एकटीची हरकत, तीही हळू आवाजातली, पण तिचाही मान राखला गेला. सर्वानुमताचं कलम आहे ना. फ्लेक्स उचलून भिंतीवर टांगण्यात आलं. आता त्यावर चालता येत नव्हतं, म्हणून त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढायचं ठरलं. अशा रीतीनं डोंगर पुन्हा उभा राहिला, फक्त चढणं तेवढं त्यातून वजा झालं.

नवमी-दशमीला सहल झाली. सामान बांधून, रेनकोट आणि टॉर्च घेऊन सभासद मनीषनगरातून बेसाला गेले. कोणाला गाडी लागू नये म्हणून सुमंतनं गोळ्या वाटल्या. मीही एक घेतली, नाही म्हणवत नाही. लॉनवर डोंगरातला गारवा यावा म्हणून चारी बाजूंनी कूलर लावले होते. कार्तिकातली सकाळ, त्यात ओल्या वाळ्याचं वारं, त्यामुळे सगळे शाली गुंडाळून बसले. लग्नात नवरानवरीच्या पायाशी सोडतात तो धूर सोडून धुकं केलं. पहिल्या दिवशी तर्री-पोहे, विश्रांती, सावजी रस्सा आणि विश्रांती झाली. दुसऱ्या दिवशी सूर्योदय होता, पण तो नाश्त्यानंतर ठेवण्यात आला.

बाबाराव माझ्याजवळ येऊन बसले. “थंडी लागून राहिली का ताई? एक कूलर बंद करू?”

“नको,” मी म्हटलं. “बाकीच्यांची गैरसोय होईल.”

“तुमचा नवस राह्यला ना,” ते जरा खाली मान घालून म्हणाले. माणूस मनानं वाईट नाही.

संध्याकाळी समारोप झाला. प्रत्येकाला गिर्यारोहण प्रमाणपत्र मिळालं. त्यावर चौरागडची उंची छापली होती, कारण फ्लेक्स चौरागडचं होतं. मग मधुसूदनजींनी माझा विषय घेतला. सभासद श्रीमती देवकीताई यांचा नवस मंडळाच्या सदर सहलीद्वारे फिटल्याचे समजण्यात यावे, असा ठराव त्यांनी स्वतः मांडला. प्रेमिलाताईंनी अनुमोदन दिलं. ठरावाची एक प्रत महादेवाला माहितीसाठी पाठवावी, असंही ठरलं. ती फ्लेक्सच्या वरच्या कोपऱ्यात, देवळाच्या बाजूला, टाचणीनं लावण्यात आली.

रविवारी रात्री जेवताना मी घरी सगळं सांगितलं. सौरव खूश झाला. “झालं ना मग? सुटलो. उद्या न्हाव्याला बोलावतो.” ह्यांनी प्रमाणपत्र हातात घेऊन उंची मोठ्यानं वाचली आणि मान डोलावली. आर्यन मयुराच्या मांडीवर बसून डोळ्यांवरचे केस मुठीनं ओढत होता. ते सुटत नव्हते, म्हणून रडत होता.

मला मोठ्यानं बोलता येत नाही, आणि हळू बोललेलं आमच्या घरी भाजीच्या फोडणीत जातं. नंतर भांडी आवरताना मयुरा म्हणाली, “आई, जिन्यात तुम्ही बेसा बोलला होता का?”

“नाही गं.”

“मग जा. न्हाव्याला मी सांगते, बाळाला सर्दी आहे म्हणून.”

“आणि सौरवला?”

“सांगते, आई देवाला गेल्या. ते काही खोटं नाही.”

सोमवारी एकादशी होती. मंगळवारी सकाळी पूजा करून उपास सोडला आणि बसस्टँडवर गेले. पचमढीची बस उभी होती. यापुढचं लिहायला मला संकोच वाटतो, कारण काहीच अडचण आली नाही. बस गेली आणि पोचली. धर्मशाळेत जागा मिळाली. बुधवारी पहाटे मी चपला खाली एका लिंबू-पाणीवालीपाशी ठेवल्या आणि चढायला लागले. पायऱ्या एकसारख्या नाहीत, ती हरकत खरी होती. एका माकडानं प्रसादाची केळी नेली. दम लागला की मी बसे, दम गेला की उठे. माझ्यापुढे एक म्हातारी खांद्यावर तिच्याहून उंच त्रिशूळ घेऊन चढत होती. बसली की ती मागे वळून मला म्हणे, “चाल ना वं, तो काही खाली येत नाई.”

वर त्रिशूळांचे ढीग लागलेले आहेत. कोणाचं मूल, कोणाचा नवरा, कोणाचं पीक, सगळ्यांनी दिलेला शब्द तिथे लोखंडात उभा आहे. वारा आला की ते एकमेकांना लागून वाजतात. मी डोकं टेकवलं. मागायचं काही नव्हतं. पायाला दोन फोड आले होते, ते मला माझेच वाटले.

गुरुवारी परत आले. त्या रविवारी मामाच्या मांडीवर बसवून आर्यनचं जावळ काढलं. भोकाड पसरून रडला, मग गोटा झालेल्या डोक्यावर हात फिरवून स्वतःच हसला. सोनिका दारात येऊन म्हणाली, “अय्या, हा मुलगा आहे?”

जावळाचे पेढे घेऊन मी मधुसूदनजींकडे गेले. त्यांनी पेढा घेतला, चौरागडची हकीकत ऐकून घेतली आणि मला नोटीस दिली.

पूर्वपरवानगीशिवाय डोंगर चढल्याबद्दल कारणे दाखवा, असा विषय होता. आरोप तीन होते. मंडळाला न कळवता परराज्यात चढाई केली. बुधवारी प्रदोष असताना, म्हणजे उपासाच्या दिवशी, तिथी समन्वय उपसमितीचा नियम मोडून केली. आणि खराखुरा डोंगर चढून इतर प्रमाणपत्रधारक सभासदांच्या मनाची गैरसोय केली. तिसरा आरोप गंभीर होता. त्यावर सुनावणी लागली.

“म्हंजे तुमी खरंच गेल्या?” बाबारावांनी विचारलं. “चालत?”

“हो.”

“वरपर्यंत?”

“हो.”

“पुरावा?” मधुसूदनजी म्हणाले. “फोटो?”

फोटो काढायचं मला सुचलंच नव्हतं. सभागृहात सुस्कारा सुटला. फोटोच नाही म्हटल्यावर चढल्याचं मानायचं कसं? मी पायाचे फोड दाखवू का, असं विचारलं. तो वैद्यकीय पुरावा झाला, पर्यटनाचा नव्हे, असं सांगण्यात आलं.

“मले तं ह्याच्यात लबाडी दिसत नाई,” प्रेमिलाताई म्हणाल्या. “लबाडी कराले अक्कल लागते. पण देवकी, तू आमाले कमीपणा आणला वं. मी माह्यं प्रमाणपत्र फ्रेम करून टांगलं. पाहुणे आले की दाखवते. आता कोणी म्हटलं, ‘देवकीताई तं खरंच गेल्या’, तं मी काय तोंड दाखवू?”

सगळे माझ्याकडे रागानं बघत होते. मला वाईट वाटलं. मंडळातून माझं नाव काढावं, असं मीच सुचवणार होते, तेवढ्यात सुमंत उभा राहिला. विम्याच्या माणसाला मार्ग दिसतात.

“काकूंकडे चढाई आहे, फोटो नाही,” तो म्हणाला. “आपल्याकडे फोटो आहेत, चढाई नाही. काकू आपल्याच सभासद. मग दोन्ही एकत्र केलं तर मंडळाचं प्रकरण पूर्ण होतं.”

सभागृहात एकदम उजाडल्यासारखं झालं. मधुसूदनजी निवृत्त झाल्यापासून इतके तरतरीत दिसले नव्हते. त्यांनी जागच्या जागी माझ्या चढाईला कार्योत्तर मंजुरी दिली. ती मंडळाच्या वतीनं, मंडळाच्या सर्व सभासदांसाठी केल्याचं समजण्यात आलं. नोटीस मागे घेतली गेली. प्रमाणपत्रं आपोआप खरी झाली. प्रेमिलाताईंनी मला मिठी मारली आणि कानात म्हणाल्या, “माह्या बी एक नवस राह्यला हाय वं. लेकाच्या नोकरीचा. त्याले नोकरी लागून आता सोडायचे दिवस आले. पुढच्या खेपेला तेवढा बी फेडून टाक.”

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. बाबारावांनी लॉनला परवानगी मिळावी म्हणून काही बोलून ठेवलं होतं. मधुसूदनजींचा एक चौकशीच्या काळातला होता, कसली चौकशी ते मी विचारलं नाही. सुमंतला स्वतःचा आठवत नव्हता, पण बोललो असेनच म्हणाला. शब्द दिला होता सगळ्यांनी, मिळालं होतं सगळ्यांना, फक्त जायचं राहून गेलं होतं. त्यासाठी नवसपूर्ती उपसमिती नेमण्यात आली आहे. तिच्यात सात मार्गदर्शक आहेत आणि चढणारी मी एक. पायाचे फोड बरे होताहेत.

हा सगळा वृत्तान्त मी लिहून काढावा, असा ठराव झाला म्हणून लिहिला, आणि तपासायला मधुसूदनजींकडे दिला. त्यांना एकच उणीव दिसली. ते म्हणाले, “ताई, वाचणाऱ्यांचं काय? तेही पायथ्यापासून शिखरापर्यंत आले, आणि खुर्चीवरून. आपल्याइतकेच पात्र आहेत.” मला ते पटलं. तेव्हा तुमच्याही नावाचं गिर्यारोहण प्रमाणपत्र तयार करायला घेतलं आहे. तुम्ही उठू नका. नाव कसं लिहायचं तेवढं सांगा. आणि कधी कुठल्या जिन्यात बसून तुम्हीही काही बोलला असाल, तर तेही सांगून ठेवा.